घोड्याचा मुक्काम आणि गवताचा हिशोब

आमगावात इतिहासावर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, लांजीच्या किल्ल्यावर बोलणार का? आज किल्ल्यावर बोलायचं नाही. लढाईवरही फारसं नाही. आज आपण रात्रीविषयी बोलणार आहोत. दिवसभर घोड्यावरून चाललेली माणसं संध्याकाळी उतरतात, तळ टाकतात, आणि मग काय होतं? आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत एक वाक्य हमखास असतं, "फौजा दरमजल करीत अमुक ठिकाणी पोहोचल्या." ते वाक्य वाचायला दोन सेकंद लागतात. त्या दोन सेकंदांत चाळीस-चाळीस रात्री दडलेल्या असतात, आणि प्रत्येक रात्री हजारो घोड्यांच्या पोटाचा प्रश्न असतो.

हा विषय सुचला तो वेगळ्याच कारणाने. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, लोक हौसेने घोडे घेऊन रानात जातात, ठरलेल्या तळावर तंबू ठोकतात, दोन-चार दिवस डोंगरवाटांवर रपेट करतात आणि परत येतात. त्यांचे नियम वाचताना आम्हाला गंमत वाटली. घोडा झाडाला थेट बांधायचा नाही. दोन झाडांमध्ये उंचावर दोर ताणायचा, झाडाची साल काचू नये म्हणून रुंद पट्टा लावायचा, आणि त्या दोराला घोडे बांधायचे. लीद गोळा करायची. गवत आपलं आपण न्यायचं, आणि तिथल्या कितीतरी सरकारी वनांत ते गवत तणाच्या बियांपासून मुक्त आहे असा दाखलाही लागतो. म्हणजे घोड्याचा मुक्काम ही आजही सगळ्यात आधी गवताची भानगड आहे. आपल्याकडे अडीच-तीनशे वर्षांपूर्वी हीच भानगड होती, फक्त घोडे दहा-वीस नव्हते, दहा-वीस हजार होते. आणि गवत आपलं आपण नेलं जात नव्हतं. इथेच घोडं पेंड खातं.

आधी घोड्याचं पोट समजून घेऊ. इथे बसलेल्या बहुतेकांच्या घरी बैल, म्हशी होत्या किंवा आहेत. बैल भराभर खातो, मग बसून निवांत रवंथ करतो. दिवसभर नांगराला जुंपला तरी रात्री रवंथ करून तो कसर भरून काढतो. घोड्याला रवंथ नाही. त्याचं जठर त्याच्या अंगाच्या मानाने लहान, आठ ते पंधरा लिटरचं. त्यात एकदम फार मावत नाही, त्यामुळे मोकळा घोडा दिवसरात्र मिळून चौदा-सोळा तास चरत असतो. आता ज्या घोड्यावर दिवसभर राऊत बसलेला आहे, त्याने चरायचं कधी? फक्त रात्री, मुक्कामावर. तेवढ्या वेळात पोट भरत नाही म्हणून वरून दाणा द्यायचा, त्याला म्हणायचं चंदी. ती तोबऱ्यात घालून तोबरा तोंडाला बांधायचा. चंदी एकदम जास्त दिली तर पोटशूळ उठून घोडा रात्रीत मरू शकतो. बैलाइतकं सोशिक हे जनावर नव्हे.

आता आकडे. आपल्या दख्खनी घोड्यांची, भीमथडी तट्टांची, चण लहान. तीनशे किलोचा घोडा धरला तर त्याला रोज साधारण सहा किलो तरी वैरण लागते. पाणी पंचवीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. समकालीन लोक फौजांचे आकडे वीस हजार, चाळीस हजार असे सांगतात. ते फुगवलेले असतात असं मानून आपण दहा हजारच घोडे धरू. रोजची साठ टन वैरण आणि अडीच लाख लिटर पाणी झालं. एका एकराच्या बांधीतून दहा क्विंटल तणस निघते असं सढळ हाताने धरा, म्हणजे एका रात्रीत साठ एकरांची तणस संपली. आणि यात बैल, उंट, हत्ती, सामानाची तट्टं धरलेली नाहीत. माणसंही धरलेली नाहीत.

एका गावाला हे एक रात्र कसंबसं झेपेल. दोन रात्री झेपणार नाही. म्हणून घोडदळ सतत पुढे सरकत असतं. आपण त्याला चपळाई म्हणतो, गनिमी कावा म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण त्या चपळाईच्या मागे काही अंशी भूक आहे, हे आम्हाला बरेच दिवस लक्षात आलं नव्हतं.

तळ पडायचा कसा, तेही थोडं सांगतो. थॉमस ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या तळाबरोबर राजपुतान्यात फिरला. त्याची पत्रं नंतर पुस्तकरूपाने छापली गेली. तो लिहितो की बिनीवाले सगळ्यांच्या पुढे जायचे आणि महाराजांचा डेरा जिथे पडायचा तिथे लहानसं पांढरं निशाण रोवायचे. मग बाजारांची निशाणं एका ओळीत लागायची. मागून हजारो माणसं येत, आणि तरी जो तो आपापल्या निशाणापाशी बरोबर पोहोचायचा. म्हणजे रोज संध्याकाळी एक शहर उभं राहायचं आणि रोज सकाळी मोडायचं. त्या शहरात वाणी, सराफ, लोहार, कसबिणी, गोसावी सगळे असत. 'बाजारबुणगे' ही आज शिवी झाली आहे, पण ज्या तळावर बाजार नाही त्या तळावर घोड्याला चंदी नाही, हेही ध्यानात असू द्या.

घोडे बांधायचे ते आगाडी-पिछाडीने. पुढे मोहरकीचा दोर मेखेला, मागे पिछाडी, ती मागच्या पायांना बांधून दुसऱ्या मेखेला ताणायची. एका रांगेत शेजारी शेजारी, एकमेकांना लाथ लागणार नाही इतकं अंतर ठेवून. रात्री एक घोडा सुटला तर दहा सुटतात, आणि दहा सुटले की शंभर उधळतात, म्हणून पिछाडी बघत फिरणं हे मोतद्दाराचं रात्रीचं काम. पाण्याचा क्रम ठरलेला: वाहत्या नदीवर वरच्या अंगाला माणसांचं पिण्याचं पाणी, त्याखाली घोडे, त्याखाली धुणं. आपल्याकडे मात्र नदीपेक्षा तलाव आणि बोड्या जास्त. कोहळ्यांनी बांधलेल्या तलावांचा हा मुलूख आहे. तलावात वरचं पाणी आणि खालचं पाणी असा भेद करता येत नाही. पाच-दहा हजार घोडे बोडीत उतरले की त्या बोडीचं पाणी गावाच्या कामाचं राहत नाही. हे कोणत्या बखरीत लिहिलेलं नाही, पण म्हशी बोडीत उतरताना ज्याने पाहिल्या आहेत त्याला सांगावं लागत नाही.

आता हे सगळं नीट कसं करता येतं त्याचा एक नमुना बघू. सभासदाने १६९४ च्या सुमारास शिवछत्रपतींची बखर लिहिली. तिच्यात पागेची व्यवस्था दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणणारा आणि नाल ठोकणारा, ही दोन माणसं पंचवीस घोड्यांच्या हिशोबातच धरलेली! पावसाळ्यात लष्कर आपल्या देशात छावणीला आणायचं, आणि लष्कर येण्याआधीच तिथे दाणा, वैरण, औषधं आणि गवताने शाकारलेली घरं तयार ठेवायची. दसरा झाला की कूच.

हा झाला नियम. नियम लिहिणं सोपं असतं. तो पाळला जात नाही असं दिसल्यावर राजा काय करतो, ते चिपळूणच्या पत्रात दिसतं. १६७३-७४ च्या सुमाराचं हे पत्र आहे, चिपळूण भागात छावणीला असलेल्या पागेच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना लिहिलेलं. शाळेच्या पुस्तकात त्यातला थोडाच भाग येतो, आणि आपण 'रयतेचा कनवाळू राजा' असं म्हणून पुढे जातो. पण पत्र सबंध वाचलं तर तो अतिशय कडक, अगदी हिशेबी कागद आहे. आमच्या मते घोड्याच्या मुक्कामावर मराठीत इतकं बारकाईने लिहिलेलं दुसरं काही नाही.

त्याचा आशय आमच्या शब्दांत सांगतो. पावसाळ्यासाठी दाणा आणि गवत साठवून ठेवलं आहे. ते आज आहे म्हणून वाटेल तसं खर्च कराल, तर ऐन पावसात काहीच उरणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे: मग तुम्ही गावांना त्रास द्यायला लागाल. कोणी कुणब्याचा दाणा आणेल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. कुणबी जीव मुठीत धरून राहिले आहेत तेही निघून जातील. मोगलांपेक्षा तुम्ही वाईट असं त्यांना वाटेल. म्हणून जे लागेल ते पैसे देऊन बाजारातून आणा.

आणि मग पत्र आगीकडे वळतं. गवताच्या गंज्या आहेत, गवताने शाकारलेली घरं आहेत. कोणी जवळ चूल पेटवेल, कोणी चिलमीसाठी विस्तव नेईल, कोणी रात्री दिवा जळता ठेवेल आणि उंदीर ती वात ओढून नेईल. एक गंजी पेटली की सगळं जाईल. उंदीर आणि वात! ज्याने हे लिहिलं किंवा सांगितलं त्याने रात्रीची पागा स्वतः पाहिलेली होती, याबद्दल आम्हाला शंका नाही.

या पत्रात कार्यकारणाची साखळी सरळ आहे. गवत आज उधळलं, तर घोडा उद्या उपाशी, मग राऊत गावात घुसणार, आणि कुणबी पळणार. माणसं दुष्ट आहेत म्हणून लूट होते असं पत्र म्हणत नाही. वैरणीची व्यवस्था मोडली की चांगली माणसंही लुटायला लागतात, असं ते म्हणतं. ही साखळी लक्षात ठेवा, कारण आता आपण आपल्या भागात येतोय, आणि पुढचं थोडं जड जाणार आहे.

नागपूरकर भोसल्यांचा पूर्वेकडचा विस्तार आपल्याला अभिमानाचा वाटतो. वाटू दे. रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्कर राम कोल्हटकर यांनी १७४१ च्या सुमारास छत्तीसगडातलं रतनपूर घेतलं, आणि १७४२ च्या उन्हाळ्यात त्यांची फौज बंगालात बर्धमानला होती. नागपूरहून तिकडे जायचं म्हणजे आधी वैनगंगा ओलांडायची, मग आपला हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा, मग डोंगर उतरून छत्तीसगडचं मैदान, पुढे छोटा नागपूरचं रान, पंचेत, आणि मग बंगाल. आज रेल्वे आमगाव, सालेकसा, दरेकसा करत डोंगरगडला उतरते, तेव्हा खिडकीतून हा चढउतार दिसतोच. नागपूर ते बंगालातलं कटवा हे अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. रोजची मजल पंचवीस किलोमीटरची धरली तर चाळीस मुक्काम.

या चाळीस मुक्कामांत पहिली अडचण कुठे आली असेल? आमचं म्हणणं, आपल्याकडेच. दख्खनचा घोडा कडब्यावर आणि हरभऱ्यावर वाढलेला. वैनगंगा ओलांडली की ज्वारी मागे पडते आणि धान सुरू होतो. धानाची तणस बैल खातो, पण ती कसाला कमी. घोड्याचं पोट तिने फुगतं, अंगावर मात्र काही चढत नाही. मग चंदी वाढवायला हवी. आपल्या बांधीत दुसरं पीक कोणतं? धान उभा असतानाच ओलीवर फेकून पेरलेली लाखोरी. माणसांनी महिनोन्‌महिने फक्त लाखोरी खाल्ली तर पाय जातात, हे आपल्या आजे-पणज्यांना माहीत होतं. घोडा तर लाखोरीला माणसाइतकाच, किंबहुना जास्तच नाजूक. फार दिवस चारली तर मागचे पाय लटपटतात आणि चालताना घशातून घरघर आवाज येतो, दम लागतो. बैलाला तीच लाखोरी बऱ्यापैकी पचते. म्हणजे ज्या मुलखात बैल धष्टपुष्ट, त्याच मुलखात घोडा उपाशी, असा हा उलटा प्रकार आहे. शिवाय वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या घरातला पाऊस. चिखलात उभं राहून घोड्याचे खूर कुजतात. झाडीपट्टीत घोड्यांची मोठी पैदास झाली नाही यात नवल ते काय!

मग या फौजा खात काय होत्या? तीन वाटा होत्या. एक म्हणजे बंजारे. त्यांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घेऊन फौजेबरोबर फिरत आणि रोख पैसे घेऊन विकत. दुसरी वाट म्हणजे जमीनदारांकडून आणि पाटलांकडून वसूल होणारी रसद. आणि तिसरी म्हणजे कही. हा शब्द आता कोणी वापरत नाही, पण जुन्या कागदांत जागोजागी येतो. तळ पडला की गवत, दाणा, लाकूड आणायला ज्या टोळ्या आसपासच्या गावांत जायच्या, त्यांना कही म्हणत. पैसे देऊन आणलं तरी ती कहीच, आणि न देता आणलं तरी कहीच. शब्द एकच असल्यामुळे कागदावरून आपल्याला फरक कळत नाही. कुणब्याला मात्र कळत होता.

इथे शिलेदार आणि बारगीर यांच्यातला फरक समजून घ्यावा लागतो. बारगीर म्हणजे सरकारच्या किंवा सरदाराच्या घोड्यावर बसणारा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं. घोडा मेला तर बारगिराला दुसरा मिळतो. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याचं भांडवल गेलं, घर बसलं. अशा माणसाला पगार सहा-सहा महिने थकवून हजार किलोमीटर दूर पाठवलं, तर संध्याकाळी तो कोणाच्या खळ्यावर जाणार? त्याला चिपळूणचं पत्र वाचून दाखवलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि मग तो गवत आणायला गेलाच असता. त्याच्यामागे गंजी लावून ठेवणारा कोणी कारकून नव्हता.

१७४२ च्या पावसाळ्याचं बघा. भास्करपंतांचा विचार परत फिरायचा होता. मीर हबीब नावाचा नवाबाचा फुटून आलेला सरदार त्यांना म्हणाला, राहा. ते राहिले, भागीरथी आणि अजय या दोन नद्यांच्या संगमावर कटव्याला. दोन्ही नद्या फुगलेल्या, त्यामुळे तळ सुरक्षित वाटला. पण छावणी म्हणजे नुसती सुरक्षित जागा नव्हे. सभासदाने सांगितलं ते आठवा, छावणी आपल्या देशात, आधी भरून ठेवलेल्या गवतावर. ही छावणी परक्या देशात, रिकाम्या हाताने, चिखलात. चार महिने हजारो घोडे पोसायचे तर आसपासच्या जिल्ह्यांत रोज कही गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि त्या कहींनी जे केलं ते बंगाल विसरला नाही. गंगाराम नावाच्या कवीने तेव्हाच 'महाराष्ट्र पुराण' नावाचं बंगाली काव्य लिहिलं. त्यातली जाळपोळीची, बायकांवरच्या अत्याचारांची वर्णनं वाचताना मराठी माणसाला मान वर करता येत नाही. कलकत्त्याच्या लोकांनी मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो 'मराठा डिच' म्हणून प्रसिद्ध आहे. आणि बंगाली आया मुलांना झोपवताना आजही ज्या अंगाईत 'बर्गी' येण्याची भीती घालतात, तो बर्गी म्हणजे आपला बारगीर.

सप्टेंबर १७४२ मध्ये, दुर्गापूजेच्या दिवसांत, अलीवर्दीखानाने नावांच्या पुलावरून रातोरात नदी ओलांडून कटव्याच्या तळावर छापा घातला. तळ उठला. फौज पळत सुटली. भास्करपंत १७४४ मध्ये पुन्हा आले, आणि ३१ मार्चला मानकऱ्याला बोलणीसाठी बोलावून डेऱ्यातच त्यांना वीसेक सरदारांसह मारलं गेलं. तो दगा होता, यात वाद नाही. शेवटी १७५१ मध्ये तह झाला, बंगालने बारा लाख रुपये सालीना चौथ द्यायची ठरली आणि ओडिशा भोसल्यांकडे आला. नकाशावर बघितलं तर विजय. आम्हीही शाळेत तसंच शिकलो.

कोणी विचारेल, सगळ्याच फौजा तेव्हा असंच करत होत्या, मग आपल्याच लोकांना का बोल लावायचा? प्रश्न रास्त आहे. मोगलांच्या, अफगाणांच्या, इंग्रजांच्या फौजांनीही पिकं तुडवली. पण आमच्याकडे आमचंच मोजमाप लिहून ठेवलेलं आहे, १६७३-७४ चं, मराठीत. त्या मापाने मोजलं तर कटव्याची छावणी नापास होते. दुसऱ्या कोणाचं माप आणायची गरज पडत नाही. आणि चिपळूणच्या पत्राचा अभिमान बाळगायचा तर ते पत्र कोणाला लिहिलं होतं हेही लक्षात घ्यावं लागतं. ते आपल्याच माणसांना लिहिलेलं आहे. म्हणजे तेव्हाही आपली माणसं ते करत होती, किंवा करायच्या बेतात होती.

उलट बाजूही आहे. वैरण संपली तर फौजेचं काय होतं ते पानिपतावर दिसलं. १७६० च्या हिवाळ्यात दोन्ही फौजा समोरासमोर खंदक करून बसल्या. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, वाटा बंद झाल्या. घोडी खंगली, मरायला लागली. १४ जानेवारीला जे घोडदळ बाहेर पडलं ते आधीच पायांतून गेलेलं होतं. पानिपताच्या कारणांची यादी आपण नेहमी भाऊसाहेबांच्या स्वभावापासून सुरू करतो. ती गवतापासून सुरू करून बघावी, एवढंच.

पुढे इंग्रज आले. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, १८१८ मध्ये कामठ्याच्या चिमणा पटेलांनी अप्पासाहेबांच्या बाजूने उठाव केला आणि इंग्रजांच्या तुकडीने कामठा घेतला. ती गोष्ट आपल्या भागाला चांगली माहीत आहे, तिच्यात जात नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने बदल झाला तो असा की मुक्काम आता ठरलेल्या जागी आला. लष्करी रस्त्यांवर दहा-बारा मैलांवर पडावाची जागा आखलेली, विहीर, आमराई, आणि तहसीलदारावर जबाबदारी की साहेबांची फौज यायच्या आधी तिथे गवत, लाकूड, दूध, अंडी जमवून ठेवायची. कागदावर सगळ्याचे पैसे मिळायचे. मध्ये किती हात होते ते कोतवालाला विचारा! सक्तीने गवताचे भारे वाहणं, साहेबाचं सामान पुढच्या पडावापर्यंत पोचवणं, हे बिगारीत गेलं. हिवाळ्यात जिल्ह्याचे अधिकारी तंबू घेऊन दौऱ्यावर निघत, घोड्यावरून. १८६० च्या दशकात मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त असलेले सर रिचर्ड टेंपल तर घोड्यावरच्या दौऱ्यांसाठीच ओळखले जात. त्यांच्या अहवालांनी या भागाची बरीच माहिती जगाला झाली, हे मान्य. पण साहेबाचा तंबू गावाबाहेर पडला की गावात आनंद व्हायचा असं समजू नका. लुटीची जागा सरबराईने घेतली होती. फरक नक्कीच मोठा होता, गाव जळत नव्हतं. पण गवत गावाचंच जात होतं.

हे सगळं संपवलं ते रेल्वेने. १८८० च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड लाइन या भागातून पुढे सरकली, नंतर बंगाल नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन मोठी केली आणि थेट कलकत्त्याला जोडली. भास्करपंतांच्या चाळीस मुक्कामांच्या वाटेवर आता एका रात्रीत माणूस जातो. आपल्या स्टेशनवरून हावड्याला जाणारी गाडी बघताना आम्हाला दर वेळी हे आठवतं.

तर मग घोड्याचा मुक्काम महाराष्ट्रातून गेला का? नाही गेला. दोन ठिकाणी आजही बघायला मिळतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे मानाचे अश्व दर वर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघतात आणि मजल दरमजल करत चालत आळंदीला येतात. ठरलेले मुक्काम, ठरलेली गावं. घोडे दोनच, त्यामुळे वैरणीचा बोजा कोणालाच वाटत नाही, उलट आपल्या दारात ते थांबावेत म्हणून लोक वाट बघतात.

दुसरं ठिकाण म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं सारंगखेडा. दत्तजयंतीला तापीच्या काठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार लागतो. आम्ही एका वर्षी मुद्दाम गेलो. संध्याकाळी रांगेने बांधलेले घोडे, आगाडी-पिछाडी तशीच, मेखा तशाच, शेजारी मालकांची पालं, चुलींचा धूर. ब्रॉटनच्या पुस्तकातलं पान उघडल्यासारखं वाटलं. एका म्हाताऱ्या मालकाशी बोलत बसलो. त्यांचा घोडा ट्रकमधून आला होता, आणि मागे दुसऱ्या गाडीत कडबा आणि हरभरा होता, आठ दिवस पुरेल इतका. आम्ही विचारलं, इथे मिळत नाही का? ते म्हणाले, मिळतं ना, पण बाजाराचा भाव असतो, आणि परक्या गवतावर घोड्याचं पोट बिघडतं. मग त्यांनी पालाच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. कडब्याच्या पेंढ्या एका बाजूला रचल्या होत्या, आणि चूल दुसऱ्या बाजूला, बरीच लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

आज इथे थांबतो. बंजाऱ्यांच्या तांड्यांविषयी फार कमी बोललो, तो विषय पुढच्या वेळी सविस्तर घेऊ. कोणाच्या घरी जुने कागद असतील, रसदीच्या किंवा बिगारीच्या नोंदी, मालगुजाराच्या वह्या, तर जरूर दाखवा. कही हा शब्द त्यात सापडला तर आम्हाला आज रात्रीच फोन करा.